आपत्ती असेल तर लिहून द्या

मदन महल, जबलपूर
१२ मार्च १९७२

इंदू,

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. पेन हातात घेतलं की रत्नाकरबद्दल लिहावं लागेल म्हणून पेनच घेत नव्हते. आज घेतलं, कारण एक गोष्ट अशी झाली की तुला सांगितल्यावाचून राहवेना.

डिसेंबरातल्या तारेनंतर पलटणीकडून काहीही आलेलं नाही. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. लढाई संपून तीन महिने होत आले आणि माझा मुलगा जिवंतांतही नाही, गेलेल्यांतही नाही. रेडिओवर कैद्यांची नावं सांगतात म्हणे, म्हणून मी रोज कान लावून बसते. खाणावळ तेव्हापासून बंद आहे. फॅक्टरीतली मुलं काही दिवस दाराशी येऊन चौकशी करून गेली, मग दुसरीकडे जेवायला लागली. रामराव तेवढे अजून येतात. ह्यांच्याबरोबर एकाच खात्यात होते, ह्यांच्या माघारी माझ्याकडे जेवायचे. आता मीच चूल पेटवत नाही तर स्वतः दोन केळी घेऊन येतात आणि मी खाईपर्यंत उठत नाहीत.

तर गोष्ट अशी. आमच्या दारावरचा बोर्ड तू पाहिलेला नाहीस. अडुसष्ट साली हे गेले आणि मी खाणावळ काढली, तेव्हा सराफ्याकडच्या एका पेंटरला बोर्ड सांगितला होता. त्यानं 'सत्यभामा खाणावल' लिहून आणला. त्याला ळ येईना. त्या बिचाऱ्यानं जन्मात ळ पाहिला नव्हता. रत्नाकरनं रॉकेलचा बोळा घेऊन सगळा बोर्ड पुसला आणि अंगणात बसून दोन दिवसांत स्वतः रंगवला. निळ्यावर पिवळी अक्षरं. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्याला लांबून दिसावा म्हणून लोखंडी दांडीवर रस्त्याच्या अंगाला काढून टांगला. भरती होऊन निघाला तेव्हा म्हणाला होता, "आई, रंग उडाला तरी कोणाले हात लावू देऊ नको. मी सुट्टीत येऊन देतो." त्याचा ब्रश मी तसाच ठेवलाय.

आता कार्पोरेशननं रस्त्यावर आलेल्या बोर्डांची मापं घेणं सुरू केलंय. लढाईत ब्लॅकआउट होता तेव्हा कुणी सायकलवाला एका दुकानाच्या बोर्डाला आपटून डोकं फोडून बसला, तेव्हापासून ते चाललंय. परवा मलाही कागद आला. घाबरतच उघडला. हिंदीत आहे, पण मला समजला. लिहिलंय की तुमच्या घरावरचा बोर्ड सड़क की सीमा में निघालेला आहे. आणि पुढे बघ काय लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते: 'इस संबंध में कोई आपत्ति हो तो पंद्रह दिन के भीतर लिखित में प्रस्तुत करें।'

इंदू, मी तो कागद घेऊन रडले. बोर्डाला हात लावण्याआधी त्या ऑफिसात कुणाला तरी विचारावंसं वाटलं, की बाई, तुमच्यावर काही आपत्ती तर नाही ना? इतक्या महिन्यांत सरकारी कागदानं मला पहिल्यांदा काही विचारलं.

मी चार पानं लिहिली, मराठीतच. हे कसे गेले, रत्नाकर फौजेत कसा गेला, तार कशी आली, सगळं. शेवटी लिहिलं की बोर्ड त्याच्या हातचा आहे, तो येईपर्यंत राहू द्या. स्वतः जाऊन देऊन आले. तिथल्या बाबूनं वरवर पाहून शिक्का मारला, 'आपत्ति प्राप्त'. म्हणजे पोचली.

खाणावळीतल्या लोकांत कुणाला दाखवलं नाही. माझ्या हातात कागद दिसला की त्यांचे चेहरे पडतात, ते मला पाहवत नाही. तू शाळेत हिंदी शिकवतेस, तुला वाचून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

तुझी,
सत्यभामा

⁂

वर्धा
२० मार्च १९७२

सत्ये,

तुझं अक्षर पाहिलं आणि पाकीट फोडायच्या आधी देवापुढे ठेवलं. किती दिवसांनी लिहिलंस.

ळ वरून काय आठवलं सांगू? रत्नाकर नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात माझ्याकडे आला होता. तुमच्या तिथल्या शाळेत सगळं हिंदी, त्यामुळे 'बाळ'ला 'बाल' लिहायचा आणि 'काळा'ला 'काला'. मी पाटीवर ळ काढून दिला तर म्हणाला, "इंदूमावशी, हा तर चष्मा आहे." मग दिवसभर खडू घेऊन भिंतीवर चष्मे काढत होता. एक अजून स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. चुना देताना मी तेवढी जागा सोडायला लावते.

तू अर्ज दिलास ते बरं केलंस, मुदतीत दिलास हेही बरं. कार्पोरेशनकडून पुढे काही कागद आला तर उत्तर द्यायच्या आधी मला पाठव. तुझ्यापेक्षा मला ही भाषा जरा जास्त येते, एवढंच.

जेवत जा. रामरावांना माझा नमस्कार सांग. असा माणूस दाराशी येतो हे तुझं भाग्य आहे.

इंदू

⁂

वर्धा
२० मार्च १९७२
(लिहिलं, टाकलं नाही)

सत्ये, आधीचं पत्र पाकिटात घातलं आणि हे दुसरं लिहायला बसले, कारण त्यात खरं लिहिलं नाही.

हिंदीत 'आपत्ति' म्हणजे संकट नव्हे. म्हणजे पुस्तकात तोही अर्थ सापडेल, पण ऑफिसच्या कागदात त्याचा अर्थ हरकत. 'तुमची काही हरकत असेल तर लिहून द्या.' हे वाक्य प्रत्येक नोटिशीच्या खाली छापलेलं असतं. तुला कुणी काही विचारलेलं नाही.

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी फळ्यावर असे शब्द लिहून देते. आपत्ति, चेष्टा, शिक्षा, राजीनामा. मुली हसतात.

हे तुला कसं कळवू? तुझ्याजवळ सध्या तेवढा एकच कागद आहे.

⁂

मदन महल
२ मे १९७२

इंदू,

आज पहिल्यांदा चूल पेटवली. आधी ते सांगते, कारण तुला त्याचीच काळजी होती. पाच माणसं जेवली. रामरावांनी भाकरी मोडली आणि मान खाली घालून बसले. मीच म्हटलं, "काहून, मीठ जास्त झालं का?" तर म्हणाले, "नाही वहिनी, बराबर आहे."

का पेटवली ते ऐक. कार्पोरेशनचं उत्तर आलं. मी इतकी वाईट बोलत आले ऑफिसवाल्यांबद्दल, ते सगळं मागे घेते. हा बघ मजकूर: 'आपका आवेदन पढ़ा गया। आपकी आपत्ति निराधार पाई गई। नियमानुसार कार्यवाही की जाएगी।'

पढ़ा गया! माझी चार पानं, तीही मराठी, कुणीतरी बसून वाचली. आणि वाचून नेमकं काय लिहिलं, तर निराधार. मी चार पानांत जे मांडू शकले नाही ते त्यांनी एका शब्दात लिहिलं. नवरा नाही, मुलाचा पत्ता नाही, तर ह्या बाईला आधार नाही, असं त्यांना आढळलं. शोधून काढावं लागलं असेल ना त्यांना? कुणी गल्लीत येऊन विचारूनही गेलं असेल.

आता जी काय कार्यवाही असेल ती नियमानं करतील. मला वाटतं निराधार बाईचा बोर्ड हलवू नये असा नियम असणार. खाली अपिलाचं काही आहे, एक महिन्याची मुदत वगैरे, पण ते छापीलच आहे, सगळ्यांना जात असेल. तू म्हणालीस म्हणून कळवलं, नाहीतर ह्यात विचारण्यासारखं काही नाही.

बोर्डावरची धूळ आज ओल्या फडक्यानं पुसली. ळ अगदी कालचा वाटतो.

सत्यभामा

⁂

वर्धा
९ मे १९७२

सत्ये,

चूल पेटवलीस हे वाचून फार बरं वाटलं. कागद जपून ठेव. शाळेच्या परीक्षा चालू आहेत, पेपरांचे गठ्ठे पडलेत, म्हणून आज एवढंच. पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन.

इंदू

⁂

मदन महल
२३ जून १९७२

इंदू,

तुझं सविस्तर पत्र आलं नाही. आता नकोच.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला कार्पोरेशनचा ट्रक आला. मागे बोर्डांचा ढीग होता, माझ्या आधी तीन दुकानांचे काढून आणले होते. मी भाजी चिरत होते. शिडी लावताना आवाज आला म्हणून बाहेर आले तर एक माणूस वर चढून दांडीचे बोल्ट सैल करत होता.

मी घाबरले नाही बघ. मला वाटलं त्यांची चूक होतेय. आत गेले, कागद आणला आणि त्यांच्या साहेबाला दाखवला. तरुण होता, रत्नाकरपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मी म्हटलं, "देखिए भैया, आपके ऑफिस ने ही लिखा है। मैं निराधार हूँ।" सगळी गल्ली जमली होती. फॅक्टरीची दुसरी पाळी निघाली होती, ती माणसंही थांबली.

त्यानं कागद वाचला. मग हळू आवाजात मला बाजूला घेऊन सांगायला लागला. वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलं पाहिजे. म्हणाला, "अम्मा, इसमें आपको निराधार नहीं लिखा है। आपकी आपत्ति को लिखा है। मतलब आपके एतराज में कोई आधार नहीं है। मना कर दिया है, अम्मा।"

मला तीनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा मला समजलं तेव्हा मागे कुणीतरी हसलं. ते कदाचित दुसऱ्याच कशाला हसले असतील, पण मला तेच ऐकू आलं. इंदू, मी चार पानांत माझा मुलगा त्यांना लिहून दिला आणि त्यांनी त्याला हरकत म्हणून फाइलीत लावलं. त्यांचं चुकलं नाही. त्यांनी तेवढंच विचारलं होतं. मी दीड महिना त्या नकारावर जगत होते, त्यावर स्वयंपाक करत होते.

साहेब म्हणाला, महिन्याभरात अपील केलं असतं तर चाललं असतं. फौजेतल्या मुलाचं आहे म्हटल्यावर भिंतीला सपाट लावायची परवानगी मिळाली असती, दुसऱ्या एकाला मिळाली. आता मुदत गेली, त्याच्या हातात काही नाही. आठ दिवसांत आवारातून बोर्ड सोडवून न्या म्हणाला. त्या आठ दिवसांतले पहिले दोन मी अंथरुणात काढले, ताप होता. काल रामरावांना घेऊन गेले तर ढीग नव्हता. चुकून आदल्या दिवशीच सगळा पत्रा भंगारवाल्याकडे गेला होता.

एकच विचारते. तू एकोणीस वर्षं हिंदी शिकवतेस. तुला माहीत होतं का?

सत्यभामा

⁂

वर्धा
३० जून १९७२

सत्ये,

माहीत होतं. पहिल्या पत्रापासून माहीत होतं.

मार्चमध्ये लिहून न टाकलेलं पत्र सोबत पाठवते आहे, आणि एक अपीलही. ते मी मे महिन्यात शुद्ध हिंदीत लिहून काढलं होतं. फक्त तुझी सही हवी होती. सही मागायची तर कशावर ते सांगावं लागणार, म्हणून ते माझ्या पेटीत राहिलं. रोज सकाळी ठरवायची की आज टाकते. शाळेतून येताना पोस्टाच्या पेटीवरून यायची आणि वाटायचं, आज सत्यानं भाकऱ्या टाकल्या असतील, आज नको. असं करत करत मुदत संपली ते मला कॅलेंडरवर दिसत होतं.

मला वाटलं होतं मी तुला सांभाळते आहे. खरं म्हणजे तुझं रडणं मला ऐकायचं नव्हतं, वर्ध्यात बसूनसुद्धा. दुसऱ्या बाईनं अडाणीपणानं हे केलं असतं तर तुला माफ करता आलं असतं. मी शिकवते तीच गोष्ट तुझ्यापासून लपवली. तो बोर्ड माझ्यामुळे गेला.

माफी मागत नाही. मागायची कशी तेही सुचत नाही. लिहावंसं वाटलं तर लिही, नाही वाटलं तरी मी दर महिन्याला एक कार्ड टाकीन, ते वाचू नकोस हवं तर.

इंदू

⁂

मदन महल
१८ डिसेंबर १९७२

इंदू,

तुझी पाचही कार्डं वाचली. उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून दिलं नाही. आज काम आहे म्हणून लिहिते.

ह्या महिन्याच्या सुरुवातीला आपले कैदी परत आले. तीन दिवस मी रेडिओपासून उठले नाही. रामराव वर्तमानपत्रं आणायचे आणि नावांवर बोट ठेवून दोघं वाचायचो. त्यात रत्नाकर नावाचा एकजण होता, पण आडनाव दुसरं, गाव दुसरं. त्याच्या आईला बरं वाटलं असेल.

खाणावळीवर नवा बोर्ड लावलाय, नियमाचा, भिंतीला सपाट. पेंटर तोच. मी त्याला म्हटलं, 'सत्यभामा खाणाव' एवढं लिही आणि पुढे एका अक्षराची जागा सोड. तो म्हणाला, "बाईजी, अधूरा लगेगा।" म्हटलं, लगने दो. येणारा-जाणारा विचारतो. मी सांगते, मुलगा आला की भरेल.

आता काम. परवा पलटणीच्या ऑफिसातून कागद आलाय. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला हिंदी. रामरावांना दाखवला नाही. हिंदी बाजूवर रत्नाकरचं नाव आहे, मागच्या डिसेंबरची पाच तारीख आहे आणि पुढे असं आहे: 'उपलब्ध जानकारी के आधार पर उन्हें वीरगति को प्राप्त माना गया है।'

मला वाचता येतं, इंदू. पण शब्दांवरचा माझा विश्वास उडालाय. आपत्तीचा अर्थ त्यांच्याकडे वेगळा निघाला, निराधारचा वेगळा निघाला. तर वीरगतीचाही वेगळा असेल. बघ नीट, एखादं पदक, बढती, तसलं काही असतं का? आणि 'माना गया' म्हणजे मान दिला का? 'के आधार पर' असंही आहे, म्हणजे ह्या वेळी आधार तर आहे.

शब्दाला शब्द लिही. मला सांभाळू नकोस.

सत्यभामा

⁂

वर्धा
२३ डिसेंबर १९७२

सत्ये,

शब्दाला शब्द लिहिते.

'उपलब्ध जानकारी के आधार पर': जेवढी माहिती मिळाली तिच्यावरून.

'माना गया है': मान दिला असा अर्थ नाही. असं धरलं आहे, असं समजलं आहे. पाहणारा कुणी नाही, म्हणून धरलं.

'वीरगति': मी घरातले दोन्ही शब्दकोश काढून बघितले. गरज नव्हती, तरी बघितले. सत्ये, हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे.

रत्नाकर गेला, असं त्या कागदात लिहिलं आहे. मागच्या डिसेंबरातच गेला. बोर्ड उतरवला तेव्हा तो नव्हता. तू चार पानं लिहिलीस तेव्हाही नव्हता.

मी रडते आहे, आणि हे पत्र आत्ता, रडत असतानाच टाकायला निघाले आहे, नाहीतर पुन्हा पेटीत राहील. नाताळाच्या सुट्टीत मला येऊ देशील? नाही म्हणालीस तर येणार नाही.

इंदू

⁂

मदन महल
४ जानेवारी १९७३

इंदू,

तुझं पत्र पोचलं. आलं त्या सकाळी एकदा वाचलं, मग रामरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी केळी खाली ठेवली आणि माझ्या आधी तेच रडले. रविवारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन जे करायचं ते करून आले. पुरोहितानं नाव विचारलं तेव्हा मी रत्नाकर शालिग्राम असं पूर्ण सांगितलं.

तू ये. सुट्टी संपली असेल तर रजा काढून ये. मला अजून राग आहे, तो तू आल्यावर असेल, पण तू ये. त्याची शेवटची बातमी तू दिलीस आणि त्याला पहिला ळ पण तूच दिलास.

त्याचा ब्रश वाळून काठी झाला होता. दोन दिवस रॉकेलात भिजत ठेवला, तेव्हा केस सुटे झाले. आज दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर स्टुलावर चढून बोर्डातली जागा भरली. पेंटरला बोलावलं नाही.

ळ मीच घातला. डावं गोल मोठं झालंय आणि उजवं खाली ओघळलं. चष्म्यासारखा दिसत नाही. राहू दे.

सत्यभामा